'जॅझसारखे' म्हणजे कशासारखे?

मराठी समीक्षेने गेल्या अर्धशतकात विचार न करता जी विशेषणे वापरली, त्यांत 'जॅझसारखे' या विशेषणाचा क्रम बराच वर लागेल. एखाद्या कवितेतील ओळी वेड्यावाकड्या तुटलेल्या असल्या, एखाद्या कादंबरीच्या निवेदनाला कालक्रम नसला किंवा एखाद्या नाटककाराने प्रवेशांची बांधणी सैल ठेवली, की ती रचना 'जॅझसारखी मुक्त' ठरते. चर्चासत्रांतील निबंधांत, प्रबंधांत आणि प्रस्तावनांत हे वाक्य इतक्या वेळा येऊन गेले आहे की ते लिहिणाराला जॅझ ऐकण्याची आवश्यकताच उरलेली नाही. प्रशंसा करणारा हा शब्द मुक्ततेच्या अर्थाने वापरतो, निंदा करणारा बेशिस्तीच्या अर्थाने. दोघांचे अज्ञान मात्र एकाच जातीचे आहे. निव्वळ अज्ञानाबद्दल तक्रार करण्याचे कारण नव्हते. सर्वांना सर्व ठाऊक असत नाही. परंतु या अज्ञानावर एक वाङ्मयीन सिद्धान्त उभारला गेला आहे, आणि तो असा, की जे आधी लिहिलेले नाही ते रचलेलेही नाही. हा सिद्धान्त खोटा आहे, एवढेच नव्हे तर आपल्याकडील कित्येक कलावंतांवर अन्याय करणारा आहे, हे येथे दाखवावयाचे आहे. त्यासाठी न्यूयॉर्कमधील एका तळघरात उतरावे लागेल.

सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथ या रस्त्यावर १७८ क्रमांकाच्या जागी हे तळघर आहे. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ मध्ये 'व्हिलेज व्हॅनगार्ड' हा आपला क्लब तेथे आणला. पंधरा पायऱ्या उतरल्या की पाचरीच्या आकाराची एक लहान खोली लागते. निमुळत्या टोकाला वादकांचा चौथरा आणि जेमतेम सव्वाशे माणसांची बसण्याची सोय. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे असे की हा क्लब सुरू झाला तो कवितांनी. ग्रीनिच व्हिलेजमधील फाटके कवी तेथे आपल्या कविता म्हणत. मग लोकगीते आली, विनोदी नकलाकार आले, आणि १९५७ च्या सुमारास गॉर्डन यांनी क्लब प्रामुख्याने जॅझच्या स्वाधीन केला. गॉर्डन १९८९ मध्ये वारले, त्यांच्या पत्नी लॉरेन २०१८ मध्ये. पण खोलीचा आकार बदललेला नाही, आणि या आकाराला महत्त्व आहे. टेनर सॅक्सोफोनचा आवाज या खोलीत दूर जाऊ शकत नाही. तो भिंतीवरून लगेच परत येतो, आणि पहिल्या रांगेतील श्रोत्याला स्वराच्या आधी येणारा श्वास आणि चाव्यांची टकटकही ऐकू येते. येथे वादकाला लपायला जागा नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सत्तावीस वर्षांचा सॉनी रोलिन्स या चौथऱ्यावर उभा होता. 'ब्लू नोट' कंपनीसाठी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी त्या दिवसाच्या बैठका मुद्रित केल्या. व्हॅनगार्डमध्ये झालेले हे पहिले प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. दुपारी साथीला डोनाल्ड बेली हा बास वाजवणारा आणि पीट ला रोका हा ड्रमवादक होता. रात्री त्यांच्या जागी विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स आले. पियानो नव्हताच. पियानो नसणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण सगळा वाद येथेच सुटतो.

त्या रात्री रोलिन्सने जी गीते वाजवली त्यांत 'सॉफ्टली, ॲज इन अ मॉर्निंग सनराइज' हे एक होते. सिग्मंड रोम्बर्ग आणि ऑस्कर हॅमरस्टीन यांच्या 'द न्यू मून' या १९२८ च्या संगीतिकेतील हे गाणे. त्याची घडण बत्तीस बारांची: आठ-आठ बारांचे चार खंड, त्यांपैकी पहिला, दुसरा आणि चौथा एका चालीचे आणि तिसरा वेगळा. प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे एका आवर्तनाच्या एकशे अठ्ठावीस मात्रा. प्रत्येक बाराखाली स्वरमेळाची एक ठरलेली चौकट, ज्याला ते कॉर्ड म्हणतात. गाण्याची चाल एकदा वाजवून झाली की वादक ती सोडतो, पण या चौकटी सोडत नाही. त्या क्रमाने येत राहतात, आवर्तनामागून आवर्तन, आणि वादकाला प्रत्येक चौकटीत अर्थपूर्ण ठरेल अशी नवी चाल त्या क्षणी रचावी लागते. एरवी या चौकटी पियानो ऐकवत असतो. तो नसला की त्या ऐकवण्याची जबाबदारी बासवर आणि खुद्द सॅक्सोफोनवर येते. सॅक्सोफोन एका वेळी एकच स्वर काढू शकतो. तेव्हा रोलिन्सला एकेरी ओळीतून अशी स्वरनिवड करावी लागते की न वाजलेला स्वरमेळ श्रोत्याच्या कानात उभा राहावा. एखाद्या नटाने रिकाम्या रंगमंचावर केवळ चालण्यातून घराच्या भिंती दाखवाव्यात, तसे हे आहे. 'जॅझसारखी मुक्त रचना' असे लिहिणाऱ्या समीक्षकाने ही मुद्रिका लावावी आणि बोटांवर मात्रा मोजाव्यात. तिसरा खंड कोठे सुरू झाला, हे रोलिन्सला क्षणभरही विसरता येत नाही. समीक्षकाला मात्र तो बहुधा सापडणार नाही.

मग हा गैरसमज आला कोठून? त्याचा एक उगम त्याच तळघरात, त्याच वर्षी सापडतो. रोलिन्सच्या त्या रविवारानंतर काही आठवड्यांनी, डिसेंबर १९५७ मध्ये, जॅक केरुॲक व्हॅनगार्डच्या चौथऱ्यावर आपले लेखन वाचण्यासाठी आला. 'ऑन द रोड' ही त्याची कादंबरी सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध होऊन गाजत होती. उत्स्फूर्त गद्याविषयीच्या आपल्या टिपणात त्याने लेखकाच्या वाक्याची तुलना सॅक्सोफोन फुंकणाऱ्याच्या श्वासाशी केली आहे. कल्पना आकर्षक आहे, आणि श्वासापुरती खरीही आहे. पण केरुॲकने जॅझमधून श्वास तेवढा घेतला आणि आवर्तन मागे ठेवले. सहवादकही मागे ठेवले. गमतीची गोष्ट अशी की ज्या कादंबरीला उत्स्फूर्ततेचे शिखर मानतात, तिचा १९५१ मधील तीन आठवड्यांत टंकलेला गुंडाळा ही आधीच्या अनेक वह्यांची परिणती होती, आणि नंतरही तिच्यावर वर्षानुवर्षे संस्कार झाले. तेव्हा केरुॲकही केरुॲकसारखा लिहीत नव्हता.

आपल्याकडे साठच्या दशकात लघुनियतकालिकांच्या पिढीपर्यंत जॅझ पोहोचला तो बऱ्याच अंशी या बीट लेखकांच्या हातून. ॲलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत होता आणि अशोक शहाणे, अरुण कोलटकर प्रभृतींशी त्याचा संबंध आला, हा इतिहास सुपरिचित आहे. पण येथे एक भेद केला पाहिजे. कोलटकरांना ब्लूजची जाण होती; बारा बारांच्या त्या काटेकोर साच्यात काय घडू शकते, हे ते कानाने ओळखत होते, आणि त्यांच्या कवितेतील ओळ कोठे तोडावयाची याविषयीचा त्यांचा कडवेपणा सर्वश्रुत आहे. दिलीप चित्रे यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. कवींनी जे ऐकले ते समीक्षकांनी वाचून घेतले, आणि वाचण्यात सैलपणा तेवढा हाती लागला.

उलट दिशेने होणारी चूक अधिक विद्वत्तापूर्ण असते, म्हणून अधिक घातक. संगीतकार आणि अभ्यासक गुंथर शुलर यांनी १९५८ मध्ये 'द जॅझ रिव्ह्यू' या नियतकालिकात रोलिन्सच्या 'ब्लू सेव्हन' या १९५६ च्या मुद्रणाचे विश्लेषण केले. एका छोट्या बीजातून संपूर्ण वादन कसे उमलते, त्यात विषयसूत्राची एकात्मता कशी आहे, हे त्यांनी दाखवले. निबंध मार्मिक आहे, यात शंका नाही. पण त्याचा गर्भितार्थ असा, की तत्क्षणी केलेली रचना ही कागदावर केलेल्या रचनेसारखी दिसू लागली तरच ती थोर. म्हणजे पुन्हा कागदच प्रमाण! खुद्द रोलिन्सला या निबंधाने सुखावण्याऐवजी संकोचवले, असे त्याने नंतर सांगितले आहे. हे समजण्यासारखे आहे. चालणाऱ्याला त्याचे गुडघे कसे वाकतात हे समजावून सांगितल्यावर त्याने अडखळावे, यात नवल नाही.

१९५९ मध्ये, कीर्ती ऐन भरात असताना, रोलिन्सने क्लबांतील वादन थांबवले. लहान घर, शेजारी गरोदर स्त्री, तिला त्रास नको म्हणून तो विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन् तास रियाज करीत असे; दोन वर्षांनी, १९६१ मध्ये तो परतला. ही कथा आपल्याकडे एखाद्या साधूच्या एकांतवासासारखी सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाला तीत कारागिराची गोष्ट दिसते. वेताच्या एका पातळ पट्टीवर ओठांचा आणि दातांचा किती दाब द्यावा, वरच्या सप्तकातील स्वर बेसूर न होता कसा धरावा, श्वास कोठे चोरावा, हे प्रश्न ध्यानाने सुटत नाहीत.

आता त्याच तळघरात चार वर्षे पुढे जाऊ. नोव्हेंबर १९६१ च्या १, २, ३ आणि ५ तारखांना व्हॅन गेल्डर यांनी तेथे जॉन कोल्ट्रेनचे वादन मुद्रित केले. ड्रमवर पुन्हा एल्विन जोन्स, आणि गीतांत पुन्हा तेच 'सॉफ्टली'. एक खोली, एक गाणे, एक ड्रमवादक. बदलला तो सॅक्सोफोनवादक. तुलनात्मक अभ्यासाला याहून सोयीची सामग्री वाङ्मयातही क्वचित मिळते. रोलिन्स चालीचे तुकडे पाडतो, मध्ये मोकळ्या जागा ठेवतो, एखादा स्वर थट्टा केल्यासारखा जोरात फेकतो, आणि तुकड्यातुकड्यांतून वाक्य जुळवीत नेतो. कोल्ट्रेनकडे या वेळी पियानो आहे. मकॉय टायनर बराच वेळ वाजवतो, आणि मग कोल्ट्रेनचा सोप्रानो येतो तो जणू मागील वाक्य तोडून. त्याला मोकळी जागा सहन होत नाही. एका स्वराकडे जाण्याच्या जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या सर्व त्याला एकाच श्वासात चालून पाहावयाच्या आहेत. दोघेही त्याच बत्तीस बारांशी बांधलेले आहेत. शैली म्हणजे काय हे शिकवण्यासाठी आपण विद्यापीठांतून दोन कवींच्या सुट्या कविता शेजारी ठेवतो. येथे तर दोघांना एकच वृत्त, एकच विषय आणि एकच सभागृह मिळाले होते.

कोल्ट्रेनच्या त्याच बैठकांतील 'चेसिन द ट्रेन' हे सुमारे सोळा मिनिटांचे वादन १९६२ च्या तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. टायनर गप्प आहे. टेनर, जिमी गॅरिसनचा बास आणि ड्रम एवढेच. चाल जवळजवळ नाही. चौथऱ्यावर फिरणाऱ्या वादकाच्या मागे ध्वनिग्राहक धरून व्हॅन गेल्डर यांना धावावे लागले, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. त्या सुमारासच, नोव्हेंबर १९६१ मध्ये, 'डाउन बीट' या प्रमुख जॅझ नियतकालिकात जॉन टायनन यांनी कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांच्या वादनाला 'जॅझविरोधी' ठरवले होते. पुढे एप्रिल १९६२ मध्ये त्याच नियतकालिकाने दोघा वादकांना उत्तर देण्याची संधी दिली. समीक्षकांना जे अराजक वाटले ते प्रत्यक्षात ब्लूज आहे. तोच बारा बारांचा साचा, जो कापसाच्या शेतांपासून शहरापर्यंत आला. साचा शेवटपर्यंत मोडत नाही असे नाही. तो इतका ताणला जातो की त्याच्या कडा दिसेनाशा होतात. पण कडा दिसेनाशा होणे आणि कडा मुळातच नसणे यांतील फरक ओळखणे हेच तर समीक्षकाचे काम. लिरॉय जोन्स, म्हणजे पुढचे अमीरी बराका, यांनी १९६३ मध्ये गोऱ्या समीक्षकांवर जो आरोप केला तो येथे आठवतो: हे लोक स्वर तपासतात, पण तो स्वर निर्माण करणारी जीवनदृष्टी त्यांना ठाऊक नसते. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकन निग्रो साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणले, दलित साहित्याच्या संदर्भात त्याची चर्चाही पुष्कळ झाली. पण ज्या संगीताने त्या साहित्याला वाक्य दिले ते आपण पार्श्वसंगीतच समजत राहिलो.

याच बैठकांत कोल्ट्रेनने 'इंडिया' हे वादनही केले, आणि येथून आपल्याकडील दुसरी सवय सुरू होते. जॅझ म्हणजे आपल्या रागसंगीताचा समुद्रापलीकडचा चुलतभाऊ; दोन्हींत उपज, दोन्हींत अध्यात्म; कोल्ट्रेनने १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव रवी शंकर यांच्यावरून ठेवले, रोलिन्स पवईच्या आश्रमात राहिला; मग आणखी पुरावा कशाला? पुरावा एवढ्यासाठी हवा, की रोलिन्स पवईस आला तो साठच्या दशकाच्या अखेरीस, आणि व्हॅनगार्डमधील वादन त्याच्या दहा वर्षे आधीचे आहे. कोल्ट्रेनला भारतीय संगीताची ओढ होती, हे निर्विवाद. परंतु रागात षड्ज अढळ असतो आणि प्रत्येक स्वराचा अर्थ त्याच्याशी असलेल्या नात्याने ठरतो. 'सॉफ्टली'सारख्या गीतात जमीनच सरकत असते. तोच स्वर एका बारात विसाव्याचा असतो आणि पुढच्या बारात विसंवादी ठरतो. दोन्ही कलांत आवर्तन आहे, एवढे साम्य आहे. सम गाठण्याचा आनंद जॅझच्या श्रोत्यालाही ठाऊक आहे. पण याहून पुढे जाऊन नाते जोडणे म्हणजे परक्याची मिळकत आपल्या नावावर चढवणे होय. रवी शंकर यांनी कोल्ट्रेनच्या वादनात आपल्याला जाणवलेल्या अस्वस्थतेविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. ते आपल्या समीक्षकांहून अधिक प्रामाणिक ठरले.

अध्यात्माच्या या धुक्यात जी गोष्ट हरवते ती पोलिसांची. न्यूयॉर्कमध्ये १९२६ चा कॅबरे कायदा होता. १९४० ते १९६७ या काळात मद्य विकले जाते अशा ठिकाणी वाजवायचे तर कलावंताजवळ पोलिसांनी दिलेले ओळखपत्र असावे लागे, आणि अमली पदार्थांच्या आरोपावरून ते काढून घेतले जाई. बिली हॉलिडेचे १९४७ मध्ये गेले. पियानोवादक थेलोनियस मंक याचे १९५१ मध्ये गेले ते १९५७ मध्ये परत मिळाले; त्याच उन्हाळ्यात कूपर स्क्वेअरमधील 'फाइव्ह स्पॉट' या टर्मिनी बंधूंच्या लहानशा क्लबात त्याने आपली चौकडी बसवली, आणि तीत टेनरवर होता कोल्ट्रेन. महिनोन् महिने, रात्रीमागून रात्र मंकच्या अवघड चालींशी झुंजत कोल्ट्रेन घडला. त्या रात्रींचे व्यावसायिक मुद्रण झाले नाही, कारण दोघे वेगवेगळ्या कंपन्यांशी करारबद्ध होते. म्हणजे ज्या घटनेने शतकातील एक थोर वादक घडवला तिची संहिता जवळजवळ नाही. ती नाही म्हणून ती घटना कलाकृती नव्हती काय? कायद्याचा आणखी एक भाग तर विलक्षण होता. कॅबरेचा परवाना नसलेल्या हॉटेलांत तीनपर्यंत वादक चालत, पण पियानो, गिटार किंवा तंतुवाद्ये घेऊनच. फुंकून वाजवायची वाद्ये आणि तालवाद्ये वर्ज्य. सॅक्सोफोन बेकायदा! वॉरन चियासन या वादकाच्या नावाने चाललेल्या दाव्यात १९८६ मध्ये वाद्यांवरील आणि १९८८ मध्ये संख्येवरील निर्बंध न्यायालयाने रद्द ठरवले. मूळ कायदा गेला तो २०१७ मध्ये. शहराच्या व्यवस्थेला या वाद्याची भीती वाटत होती. ते 'मुक्त' होते म्हणून नव्हे. ते कोण वाजवते, हे तिला ठाऊक होते म्हणून.

या कथेचा मुंबईशी खरा संबंध आहे, आणि तो आश्रमातून जात नाही. तीसच्या दशकात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड आदी कृष्णवर्णीय अमेरिकन वादक ताजमहाल हॉटेलात वाजवीत आणि गोव्याहून आलेले तरुण त्यांच्याकडून शिकत. गोव्यातील चर्चच्या शाळांत त्यांना स्वरलिपी आणि व्हायोलिन आधीच मिळालेले होते. स्वातंत्र्यानंतर दारूबंदीने नाचगाण्याच्या जागा ओसरल्या आणि यांतील पुष्कळ जण चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेले. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाचा वाटा होता. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी कित्येक संगीतकारांच्या गुणगुणलेल्या चालींचे वाद्यमेळ कागदावर लिहून दिले. आता आपल्या सिद्धान्ताची गंमत पाहा. व्हॅनगार्डमध्ये लिहिलेले नाही म्हणून वादक रचनाकार नाही. मुंबईत लिहिणारा गोवेकर होता आणि तोंडी चाल सांगणारा संगीतकार, तरी श्रेयनामावलीत नाव संगीतकाराचेच. तेव्हा कर्तृत्व लेखणीने ठरत नव्हते. कर्तृत्व कोणाला द्यावयाचे हे आधी ठरत होते आणि लेखणीचा युक्तिवाद सोयीप्रमाणे मागाहून जोडला जात होता.

हे सारे संगीताच्या सदरात टाकून साहित्याच्या अभ्यासकाला मोकळे होता येणार नाही. आपल्या राष्ट्रीय आणि प्रादेशिक संकलनांत लावणी येते ती शाहिराच्या नावाने, अभंग संताच्या नावाने. आणि तसे असणे योग्यच आहे. पण एकाच अभंगावर नारदीय कीर्तनकार पूर्वरंगात जे निरूपण उभे करतो, समोरच्या श्रोत्यांकडे पाहून दृष्टान्त बदलतो, टाळ-मृदंगाच्या बंधनात वाक्य आखडते घेतो, त्याला आपण 'सादरीकरण' म्हणतो. संगीतबारीतील गायिका एकच ओळ दहा वेळा दहा अर्थांनी म्हणते. तिला आपण 'अदा' म्हणतो. हे शब्द कौतुकाचे वाटतात, परंतु त्यांचे काम रचनाकारांच्या यादीतून नाव वगळण्याचे आहे. संपादक म्हणतील की तत्क्षणीची रचना छापता येत नाही. ठीक आहे, पण ध्वनिमुद्रणाचे तंत्र शंभर वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे, आणि ग्रंथालयांनी कीर्तनाची मुद्रणे तारीख, गाव, साथीदार यांच्या नोंदींसह जतन करण्यास कोणाची हरकत होती?

नोंदीचे महत्त्व कळण्यासाठी पुन्हा १९५७ च्या त्या रविवारकडे पाहता येईल. रोलिन्सच्या तबकडीचे नाव 'अ नाइट ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड'. पण तीवरील 'अ नाइट इन ट्युनिशिया' हे वादन दुपारच्या बैठकीतील आहे. त्याच गीताचे रात्रीचे वादन पहिल्या तबकडीत नव्हते. त्या दिवसाचे मुद्रण एकत्रित रूपाने दोन चकत्यांवर आले ते १९९९ मध्ये. दुपारी ड्रमवर ला रोका आहे, रात्री एल्विन जोन्स. विद्यार्थ्यांनी दोन्ही वादने लागोपाठ ऐकावीत, आणि ऐकताना सॅक्सोफोनकडे नव्हे, प्रथम ड्रमकडे लक्ष द्यावे. साथीदार बदलताच त्याच माणसाचे वाक्य त्याच दिवशी किती बदलते, ते तेथे ऐकू येते.